वर्गाच्या पुढे गेलेली मुलं आणि दीड वाजताचा बालरथ

सातेरी (धागालेखिका)

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी आठवी ते दहावीला गणित शिकवते. नववीतल्या एका मुलीवरून हा धागा काढतेय. तिचं नाव-गाव लिहीत नाही, कुणी विचारूही नये.

संख्यापद्धतीच्या धड्यात १ भागिले ७ चा दशांश विस्तार येतो. भागाकार करत गेलं की बाकी ३, २, ६, ४, ५, १ अशी येते आणि पुन्हा ३ पासून सुरू होते. पुस्तकाला एवढंच सांगायचं असतं की हा दशांश आवर्ती आहे. वर्ग पुढच्या उदाहरणाकडे गेला. नंतर वह्या तपासताना हिच्या वहीचं शेवटचं पान उलटलं, तर तिथे १३ ने केलेले भागाकार. १ पासून सुरुवात केली की बाकी १०, ९, १२, ३, ४, १ अशी फिरते. मग उरलेल्या बाक्या कुठे गेल्या, म्हणून तिने २ पासून सुरुवात केली होती: ७, ५, ११, ६, ८, २. बारा बाक्या, सहा-सहाच्या दोन टोळ्या. खाली पेन्सिलीने लिहिलेलं: "७ ची एकच टोळी, १३ च्या दोन, ११ च्या पाच. असं का?"

हा प्रश्न पदवीच्या गणितात शिकवतात. ती तिथे कुणी न सांगता पोचली आहे, सातच्या भागाकारावरून.

आता तिचे गुण. चाचणीत ती साठ-पासष्ट टक्क्यांच्या घरात असते, कारण उत्तर डोक्यात तयार असल्यावर पायऱ्या लिहायचा तिला कंटाळा. वर्गात पहिली येते ती वेगळी मुलगी, तीही मेहनती आणि गुणी. पण बक्षीस समारंभात ही कधी व्यासपीठावर दिसणार नाही. गुणांच्या यादीवरून हुशार मुलं निवडायची ठरवली तर ही सुटणार हे नक्की.

शाळा तिला काय देते? स्वाध्याय लवकर संपला की त्याच प्रकारची आणखी दहा गणितं. किंवा "शेजारणीला समजावून सांग". समजावण्यात वाईट काही नाही, पण रोज तेच काम असेल तर ती स्वतः शिकणार कधी?

शाळा सुटल्यावर थांबवून घेऊ म्हटलं, तर दीड वाजता बालरथ, म्हणजे शाळेची बस, दारात उभा. तो चुकला की तिच्या वाड्यावर जायला दुपारची कदंबाही (सरकारी बस) नाही. म्हापसा-मडगावचे क्लास, शनिवारची शिबिरं, सगळं तिच्यासाठी दुसऱ्या देशात असल्यासारखं आहे. त्यामुळे माझं मत पक्कं झालंय: अशा मुलांसाठी जे काही करायचं ते दीडच्या आत, शाळेच्या वेळातच व्हायला हवं. शाळेबाहेर ठेवलेली कुठलीही सोय ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांचीच होते.

तुमच्या शाळांत, घरांत कुणी काही केलं असेल तर लिहा. मी काय करतेय तेही प्रतिसादांत लिहीन.

अबोली

वाचून गलबलून आलं. माझा मुलगा आठवीत, म्हापशाच्या शाळेत. तुमच्या विद्यार्थिनीसारखा शांत नाही. वर्गात प्रश्न विचारून टीचरना हैराण करतो, मग बाहेर उभा राहतो. डायरीत दर आठवड्याला शेरा. परवा भूगोलात भरती-ओहोटी चालली होती. ह्याने विचारलं, चंद्र एका बाजूला असताना भरती दोन्ही बाजूंना का येते? उत्तर मिळालं, परीक्षेला एवढं येत नाही.

सासूबाई म्हणतात, एक यत्ता गाळून पुढे घाला. नवऱ्याला ते पटत नाही. काय करावं?

जुना मास्तर

सातेरीताई, धागा काढलात, बरे केलेत. पेडणे तालुक्यात माझी उभी हयात शिकवण्यात गेली, त्यावरून एक गोष्ट सांगतो. गोव्यात आपण अशी मुले गमावतो ती पाचवीच्या दारात. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत जो पोर चौथीपर्यंत हात वर करून करून बाईंना दमवतो, तोच पाचवीत इंग्रजी माध्यमात जातो आणि गप्प होतो. डोके तेच असते, पण विचार मराठीत येतो, उत्तर इंग्रजीत मागतात, आणि मधल्या वेळेत घंटा होते. दोन वर्षांत शाळा ठरवून टाकते की पोर सामान्य आहे. सातवी-आठवीत भाषा हाताशी येते, तोवर पोराचेही तसेच मत झालेले असते.

मी वर्गात एकच पथ्य पाळत असे. पाचवी-सहावीला गणिताचे व विज्ञानाचे उत्तर कुठल्याही भाषेत चालेल, मराठी, कोंकणी, हाताने चित्र काढून. शब्द नंतर शिकवता येतात.

दुसरे, परीक्षांचे. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ पासून चालत आली होती. दहावीच्या मुलाला त्यातून पुढच्या शिक्षणापर्यंत शिष्यवृत्ती मिळे. ती योजना २०२१ नंतर थांबली आहे. पालक अजून तिची पुस्तके विकत घेतात, म्हणून मुद्दाम लिहितो. चालू आहे ती आठवीतली एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा. सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. तिच्यात एक भाग बौद्धिक चाचणीचा असतो. पाठांतर कमी पडणारी पण डोके चालणारी मुले तिथे वर येताना मी पाहिली आहेत. मुख्याध्यापकांनी फक्त पहिल्या पाचांचे फॉर्म भरू नयेत, सगळ्या पात्र मुलांचे भरावेत.

केपेकर

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. मीही शिक्षक आहे. माझ्या आठवीत चाळीसेक मुलं, त्यातल्या निम्म्यांना इंग्रजी परिच्छेद धड वाचता येत नाही. भागाकार जमत नाही. माझ्याकडे जो काही वेळ आहे तो त्यांचा आहे असं मला वाटतं. हुशार मूल काय, कुठेही टाका, तरून जाईल. वर पालकांचा दबाव वेगळा: प्रत्येकाला आपलंच मूल असामान्य वाटतं. शाळेने हुशारांसाठी वेगळी तुकडी काढली की बाकीच्या मुलांवर शिक्का बसतो. हे आम्ही लहानपणी 'अ' तुकडी, 'ड' तुकडी असं भोगलेलं आहे.

सातेरी (धागालेखिका)

केपेकर सर, राग कसला. तुकड्या पाडायला माझाही विरोध आहे. पण "तरून जाईल" हे मला मान्य नाही. जुन्या मास्तरांनी सांगितलेला पाचवीतला मुलगा तरला नाही. माझ्या वर्गातली ही मुलगी तरेल की नाही मला खात्री देता येत नाही. घरात दहावीच्या पुढे कुणी शिकलेलं नाही, दोन वर्षांनी कॉलेज की काजूचं काम हा प्रश्न उभा राहणार आहे. जी मुलं तरतात त्यांच्या मागे बहुतेकदा घर उभं असतं. घर नसेल तिथे शाळाच हवी.

वेळेचं म्हणाल, तर मी काय करते ते सांगते. वेगळा तास लागत नाही.

नवा स्वाध्याय सुरू करताना त्यातली सगळ्यात अवघड पाच गणितं मी आधी फळ्यावर लिहिते. ज्याला करून बघायची त्याने बघावीत, सक्ती नाही. पाचातली चार नीट, पायऱ्यांसकट आली तर त्या स्वाध्यायातून सुटका. मग त्या मुलाने बाकीचा वेळ मागच्या बाकावर एका पेटीतल्या कार्डांवर घालवायचा. कार्डावर एकच प्रश्न, उत्तर नाही. "पायऱ्यांसकट" ही अट मुद्दाम घातली, आणि तिचा अनपेक्षित फायदा झाला: सुटकेच्या लोभाने ही मुलगी पायऱ्या लिहायला लागली.

कोण सुटतं ते दर धड्याला बदलतं. भूमितीत एक मुलगा सुटतो, त्याला बीजगणितात हात धरून न्यावं लागतं. त्याचे वडील सुतार आहेत. त्यामुळे शिक्का कुणावरच बसत नाही. आणि ही मुलं स्वतःच्या कामाला लागली की माझी ती दहा-पंधरा मिनिटं ज्यांना भागाकार येत नाही त्यांच्या बाकापाशी जातात.

दर्या

वाचतेय. कार्डांवरचे प्रश्न इथे टाकाल का? आम्ही वास्कोत करून बघू.

सिडनीकर

मूळचा फोंड्याचा, आता मुलं इथल्या सरकारी शाळेत. इथली पद्धत थोडक्यात लिहितो, तुलना म्हणून नाही, काही उचलण्यासारखं असेल तर.

सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये २०२१ पासून सर्व सरकारी शाळांना एक धोरण लागू आहे. त्यात फक्त 'गिफ्टेड' मुलं नाहीत, 'हाय पोटेन्शियल' असाही गट धरला आहे, म्हणजे ज्यांची क्षमता दिसते पण कामगिरी अजून दिसत नाही अशीही मुलं आली. क्षमता चार प्रकारच्या धरल्या आहेत: बौद्धिक, सर्जनशील, सामाजिक-भावनिक आणि शारीरिक. पाया फ्रांस्वा गान्ये या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीचा आहे. त्याचं म्हणणं असं की उपजत क्षमता आणि घडवलेलं प्रावीण्य या दोन वेगळ्या गोष्टी, आणि एकीतून दुसरी आपोआप होत नाही. मधे शाळा, घर, सराव, माणसं, नशीब हे सगळं यावं लागतं. ढोबळ मानाने वरचे दहा टक्के तो क्षमतावान धरतो. म्हणजे केपेकरांच्या चाळीसच्या वर्गात चारेक मुलं, आणि गणितातली चार वेगळी, चित्रकलेतली चार वेगळी.

इथे निवडक मुलांची सरकारी हायस्कूलंही आहेत, सातवीला प्रवेश परीक्षा देऊन जायची. त्यावर इथे जोरदार वाद चालतो, कारण क्लास लावणाऱ्यांची मुलं जास्त लागतात. मला धोरणातला दुसरा भाग मोलाचा वाटतो: प्रत्येक साध्या शाळेने, प्रत्येक वर्गात हे करायचं आहे.

अबोली, यत्ता गाळण्याबद्दल: पुढे घातलेली मुलं बिघडतात ही भीती संशोधनात फारशी टिकलेली नाही, पण त्याला अख्खं वर्ष गाळावंच लागतं असं नाही. गणितज्ञ टेरेन्स ताओ अॅडलेडमध्ये वाढला. शाळेत तो वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळ्या इयत्तांत बसत असे, गणित वरच्या वर्गात, बाकी खालच्या. १९८६ मध्ये दहाव्या वर्षी त्याला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचं कांस्य मिळालं, १९८८ मध्ये सुवर्ण. तरी आईवडिलांनी त्याला घाईने विद्यापीठात ढकललं नाही. तुमच्या मुलाला विज्ञानाच्या तासाला दहावीत बसू देतील का, एवढंच आधी विचारून बघा.

घोडा अडीच घरं

मी बुद्धिबळवाला, म्हणून बुद्धिबळाचंच बोलतो. एवढ्याशा गोव्यातून भक्ती कुलकर्णी, अनुराग म्हामल, इव्हाना फुर्तादो, लिऑन मेंडोन्सा आले. लिऑन चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. गोव्याच्या पाण्यात काही आहे म्हणून नव्हे. बुद्धिबळात वय विचारत नाहीत. खुल्या स्पर्धेत नऊ वर्षांची मुलगी बँकेतल्या काकांसमोर बसते. स्विस पद्धतीत जिंकत गेलात की पुढच्या फेरीला तुमच्याइतकेच गुण असलेला समोर येतो. म्हणजे चांगल्या खेळाडूला दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच तोडीचा माणूस भेटतो, आणि हरायला मिळतं. रेटिंग हातात असतं, त्यामुळे आपण कुठे आहोत हे पोराला स्वतःला कळतं, कुणाच्या शाबासकीची गरज नाही.

शाळेत याच्या अगदी उलट. जन्मसाल बघून वर्ग ठरतो, आणि हुशार पोर दहा वर्षं एकदाही हरत नाही. मग अकरावीला पहिल्यांदा न येणारं गणित समोर आलं की ते कोसळतं. माझ्या मुलीच्या मैत्रिणीचं हे झालेलं जवळून बघितलंय. दहावीला बोर्डात नाव, अकरावीच्या पहिल्या सहामाहीला विज्ञान सोडायची भाषा.

फर्मागुडी

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी आता इंजिनिअरिंगला आहे. हायस्कूल डिचोली तालुक्यात. नववीत एका सरांनी आयओक्यूएमचा फॉर्म भरायला लावला. ही गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी. तीन तास, तीस प्रश्न, उत्तर फक्त एक पूर्णांक. पुढे विभागीय, मग राष्ट्रीय फेरी. आठवी ते बारावीची मुलं बसू शकतात. मी पहिल्या पायरीच्या पुढे गेलो नाही. पण तिथे मला कळलं की एका प्रश्नावर तासभर बसणं हे मठ्ठपणाचं लक्षण नाही. शाळेत तोवर मला वाटायचं की हुशार म्हणजे ज्याला लगेच येतं.

आणि केंद्राबाहेर, पेपर सुटल्यावर, अनोळखी मुलांबरोबर प्रश्न बारावर भांडण. आई बोलवत होती, मी हलत नव्हतो. आपण ज्यावर बोलतो त्यावर समोरचाही बोलतो असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

जुने पेपर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, विज्ञानाचेसुद्धा. भरमसाट फी घेऊन "ऑलिंपियाड" नावाने पदकं वाटणाऱ्या खाजगी परीक्षांपेक्षा हे वेगळं आहे, पालकांनी गल्लत करू नये.

ऐकणारी

मी शाळांमध्ये समुपदेशन करते. अबोलींचा मुलगा आणि सातेरींची विद्यार्थिनी, दोघांचा प्रश्न एकच, पण शाळेला दिसतो तो फक्त मुलगा. तो गोंधळ घालतो म्हणून माझ्याकडे पाठवला जातो. मुली सहसा गोंधळ घालत नाहीत, त्या लपवतात. सातवी-आठवीत आल्यावर हात वर करणं थांबवतात, मुद्दाम एखादं उत्तर चुकवतात, कारण मैत्रिणी "शाणी" म्हणून बाजूला काढतील. शिक्षक म्हणतात, किती समजूतदार झाली. वहीचं शेवटचं पान बघायची सवय म्हणूनच फार मोलाची आहे. तिथे मूल खरं बोलतं.

आणखी एक गट कुणी लिहिला नाही. हुशार आहे आणि वाचनलेखनाची अडचणही आहे, डिस्लेक्सिया आहे. हुशारी अडचणीला झाकते, अडचण हुशारीला झाकते, आणि बेरीज करून मूल 'सरासरी' दिसतं. त्याला ना जादा मदत मिळते, ना जादा आव्हान. खूण अशी: तोंडी विचारलं तर थक्क करणारं उत्तर, लेखी विचारलं तर तीन ओळी आणि त्याही चुकांनी भरलेल्या. असं मूल असेल तर मूल्यमापन दहावीच्या बरंच आधी करून घ्या, म्हणजे बोर्डाच्या सवलतींसाठी शेवटच्या क्षणी धावाधाव होत नाही. पण तोवर त्याच्याकडून तोंडी उत्तरं घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

अबोली, मुलाशी बोलताना "तू हुशार आहेस" हे वाक्य जरा बाजूला ठेवा. "हे तू कसं शोधलंस?" एवढं विचारा आणि ऐका. रेन्झुली नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९७८ मध्ये तीन गोष्टी एकत्र मांडल्या: सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हातातल्या कामाला चिकटून राहणं. पहिलीचं कौतुक सगळे करतात. तिसरी घरात रुजवावी लागते.

अबोली

सगळ्यांना देव बरें करूं. यत्ता गाळायचा विषय घरात थांबवलाय. विज्ञानाच्या टीचरना भेटले. दहावीच्या तासाला बसवायला वेळापत्रक जमत नाही म्हणाल्या, पण त्यांनी स्वतःहून दुसरं सुचवलं. तो वर्गात मनात येईल तो प्रश्न एका वहीत लिहील, शुक्रवारी त्या त्यातला एक निवडतील, आणि पुढच्या शुक्रवारी त्याने त्याचं उत्तर शोधून वर्गाला पाच मिनिटांत सांगायचं. पहिला प्रश्न अर्थातच भरतीचा. आम्ही पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत गेलो. १८३२ पासूनचं ग्रंथालय आपल्या दाराशी आहे आणि आम्ही आजवर फक्त बाहेरून बघत होतो. तिथे त्याला जे समजलं ते त्याने मला जेवणाच्या टेबलावर वाटी-लिंबू घेऊन समजावलं: चंद्राकडच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं, पलीकडच्या बाजूचं सगळ्यात कमी, पृथ्वी मधल्यामधे, म्हणून दोन्हीकडे फुगवटा. डायरीत या आठवड्यात शेरा नाही.

केपेकर

सातेरीताईंची पाच गणितांची युक्ती करून बघितली. सांगायला आनंद होतो. आठवीला रेषीय समीकरणं, शाब्दिक उदाहरणं. पहिल्या नंबरवाल्याने हात लावला नाही, "आधी शिकवा" म्हणाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचं इंग्रजी वाचन मी वर लिहिलं तसंच कच्चं, त्याने शेजाऱ्याकडून गणित वाचून घेतलं आणि चार सोडवली. समीकरण न मांडता. बापाच्या मासळीच्या हिशोबासारखं तोंडी. उत्तरं बरोबर. मी वर्षभर त्याला ज्या निम्म्यांत धरत होतो त्या निम्म्यांतला हा.

आता त्याला पुढे काय द्यायचं? आणि इंग्रजीचं काय करू? कार्डावरचे प्रश्न तर इंग्रजीत असणार.

जुना मास्तर

केपेकर, कार्ड मराठीत लिहा, कोंकणीत लिहा. तुमच्याच अक्षरात. तोंडी केलेले चौथे गणित त्याला फळ्यावर येऊन बोलायला सांगा आणि तो बोलेल तसतसे तुम्ही समीकरण लिहीत जा. त्याच्याच तोंडचे वाक्य चिन्हांत उतरताना त्याला दिसू दे. मग इंग्रजी वाक्य तिसऱ्या दिवशी.

हा आठवीतच आहे ना? त्याचा एनएमएमएसचा फॉर्म भरा. सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट असते. गुणपत्रिका आजच काढून बघा.

दर्या

एक शंका. हे सगळं एकेका शिक्षकाच्या जिवावर चाललंय. सातेरीताईंची बदली झाली किंवा त्या रजेवर गेल्या तर? सरकारने काही करायला नको का?

सातेरी (धागालेखिका)

करायला हवंच. आणि कागदावर आहेही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या चौथ्या प्रकरणात विशेष प्रतिभेच्या मुलांवर परिच्छेद आहेत: शाळा-शाळांत विषयवार मंडळं, ऑलिंपियाड, बी.एड.मध्ये या विषयाचं विशेष शिक्षण. गोव्यात कोडिंग-रोबोटिक्सची केअर्स योजना शाळांत आलीय, ती बालरथाच्या वेळेच्या आत चालते म्हणून माझ्या गावातल्या मुलांपर्यंतही पोचते. यावरून तरी कळावं की वेळापत्रकात जागा केली तर होतं. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून हेच काम केलं आहे, त्यांचा अनुभव आपल्या शिक्षक प्रशिक्षणात यायला हवा. नवोदय विद्यालयं वाळपईला आणि काणकोणला आहेत, मुख्यतः ग्रामीण मुलांना सहावीत परीक्षेने प्रवेश, राहणं-जेवण फुकट. पण तिथे जागा मर्यादित, आणि प्रत्येक मूल घर सोडून राहू शकत नाही.

माझ्या मागण्या तीनच. आठवड्यात एक तासिका शाळेच्या वेळात, ज्यात आठवी-नववी-दहावीची मुलं वय न बघता विषयानुसार एकत्र बसतील. भाग शिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीत या विषयावर तालुक्यातल्या शिक्षकांना बोलायला अर्धा तास. आणि विद्यापीठ, फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज, एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था) इथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा तालुक्याच्या शाळेत यावं. मुलांना पणजीला नेण्यापेक्षा एक माणूस वाळपईला आणणं स्वस्त आहे.

आमच्या मुख्याध्यापकांनी पहिली मागणी मान्य केलीय, शनिवारची शेवटची तासिका. त्या दिवशी सुटण्याची वेळ बदलत नाही, बालरथ नेहमीसारखा.

फर्मागुडी

ताई, तिसऱ्या मागणीसाठी मी आणि दोन मित्र तयार आहोत. शनिवारी सकाळी लेक्चर नसतं. एकाची बाइक आहे, एकाला बस. शाळेचं पत्र लागेल, ते कुणाच्या नावे ते व्यक्तिगत निरोपात कळवा. येताना काय आणू? आमच्यातला एकजण भौतिकशास्त्रात चांगला आहे, गणित त्याला नको.

सातेरी (धागालेखिका)

तयार केलेलं व्याख्यान आणू नका, स्लाइड तर नकोच. तुम्हाला स्वतःला अजून न सुटलेला एक प्रश्न आणा आणि मुलांसमोर त्याच्याशी झटापट करा. मोठी माणसं अडतात आणि तरी बसून राहतात हे त्यांनी पाहायला हवं. भौतिकशास्त्रवाल्याला जरूर आणा, दहावीत एक मुलगा रेडिओ उघडून बसतो. पत्राचं निरोपात लिहिते.

केपेकर सर, तुमच्या मुलासाठी: आयओक्यूएमच्या जुन्या पेपरांतले सुरुवातीचे प्रश्न घ्या, मराठीत करून कार्डावर लिहा. वेळेचं बंधन घालू नका. एक प्रश्न आठवडाभर राहू दे, आणि उत्तर विचारायच्या आधी काय काय करून बघितलं ते विचारा. पहिल्या नंबरवाल्यालाही तेच कार्ड द्या. "आधी शिकवा" म्हणणाऱ्याला त्याची जास्त गरज आहे. दर्या, कार्डांवरचे प्रश्न टंकून झाले की वेगळ्या धाग्यात टाकते, आठवी-नववीचे आधी.

केपेकर

गुणपत्रिका काढली. सातवीला ५८ टक्के. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याच्या वडिलांना उद्या मामलेदार कचेरीत घेऊन जातो.